‘टू हंटर्स’ ऐकताना मधेच कंटाळा येतो, तो दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘वुल्व्ज इन द थ्रोन रूम’ या अमेरिकन बँडचा ‘टू हंटर्स’ हा अल्बम मित्रानं ऐकायला दिला. कोल्हापुरातल्या सायबर चौकाजवळच्या खोलीवर, रात्री, बारीक आवाजात, ब्लूटूथ इअरबड्सवर तुम्ही तो ऐकलात. सुरुवातीला अंगावर काटा आला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यापासून मात्र सगळं एकसारखं वाटायला लागलं. गायक काय ओरडतोय कळत नाही, ड्रम कुठंतरी मागं पडलेत आणि शेवटचं गाणं तर १८ मिनिटांचं. मित्र म्हणतो, तुला हा प्रकार कळतच नाही. तुम्ही विचारताय, अल्बममध्ये खरंच दम आहे का, आणि असेल तर मला तो का जाणवत नाही?

मी कोल्हापुरात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. पोट भरतं ते भजनी मंडळं, भावगीतं आणि लघुपटांच्या कामावर. पण कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली-मिरज भागातल्या मेटल बँडचं मुद्रण आणि मिक्सिंगही बरीच वर्षं करत आलोय, आणि अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल, म्हणजे ‘टू हंटर्स’चाच वेगवान, किंकाळ्यांचा आणि घुमणाऱ्या गिटारींचा प्रकार, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यामुळं उत्तर लांबणार.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्यात. एक, आवाज स्पष्ट नाही. दुसरी, गाणी लांब आहेत आणि मधे मन सुटतं. पहिल्या तक्रारीचा बराचसा भाग या संगीताच्या घडणीत आहे आणि थोडा तुमच्या इअरबड्समध्ये. दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि अल्बमची किंमत तिथंच ठरते. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘टू हंटर्स’ मोठा अल्बम आहे, आणि तुम्हाला जिथं कंटाळा आला तिथं तो खरोखरच कमकुवत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आता बघू.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. आवाज बारीक केला की माणसाच्या कानाला खालचे, म्हणजे खर्जाकडचे, आवाज इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. हा कानाचाच गुणधर्म आहे, १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी तो मोजून मांडलाय. म्हणजे रात्री शेजाऱ्यांचा विचार करून आवाज कमी केलात, की पहिल्यांदा किक ड्रमचं वजन जातं आणि उरते ती गिटारची सरसर. त्यात फाइल १२८ केबीपीएसची एमपी३ असेल तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सहसा कापलेला असतो आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या होतात. ब्लूटूथवर तोच आवाज आणखी एकदा दाबला जातो. एखाद्या भावगीताला या सगळ्याचा फारसा धक्का बसत नाही, कारण तिथं मधे जागा असते. या संगीतात जागा शिल्लकच नसते, म्हणून नुकसान लगेच कळतं. मित्राकडं बरे वायरचे हेडफोन असतील तर एकदा मागून घ्या आणि दुपारी, नेहमीच्या बोलण्याइतक्या आवाजात ऐका. ड्रमबद्दलची तुमची निम्मी तक्रार तिथंच मिटेल. निम्मीच म्हणतोय, कारण उरलेली निम्मी मिक्समध्येच आहे.

आता घडण. गिटारवाला एकाच स्वरावर वरखाली, वरखाली पिक चालवतो, त्याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. लय २०० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांची धरली आणि एका मात्रेत चार आघात धरले, तर सेकंदाला तेरा-एक आघात होतात. सेकंदाला साधारण वीसच्या पुढं गेलं की कानाला आघात सुटे ऐकू येत नाहीत, एकसलग नाद ऐकू येतो. तेरा ही संख्या त्या सीमेच्या जरा अलीकडची आहे. म्हणून हा आवाज पूर्ण सलगही नसतो आणि पूर्ण तुटकही नसतो, तो थरथरत राहतो. खाली ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे ड्रमच्या न थांबणाऱ्या अतिवेगवान माऱ्यात, ड्रमवालाही तेच करत असतो. गगनबावड्याच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली बसलात तर थेंब ऐकू येत नाहीत, पण सर वाढली की कमी झाली हे न बघता कळतं. या संगीतात कान तसा लावायचा असतो, आघात मोजायला गेलात की दमलात.

त्यावर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं. डिस्टॉर्शन दोन कामं करतं. तार छेडल्यावर आवाज जो उतरत जातो, तो उतार सपाट करतं, आणि मूळ स्वरावर वरच्या स्वरांशांचा थर चढवतं. तानपुऱ्याची जवारी नीट लागली, दोरा बरोबर जागी बसला, की चार तारांतून न छेडलेले स्वर ऐकू यायला लागतात, हे तुम्ही ऐकलं असेल. यंत्रणा वेगळी आहे, पण कानाला लागणारी गोडी त्याच जातीची: स्वरांशांची दाट चादर आणि तिच्यातून मधूनच वर येणारी एखादी धून, जी प्रत्यक्षात कुणीच सुटी वाजवत नाही. डिस्टॉर्शनमध्ये तीन-चार स्वर एकत्र वाजवले की ते एकमेकांत भांडतात आणि चिखल होतो. त्यामुळं अनेकदा एक गिटार डाव्या बाजूला थोडेच स्वर धरते, दुसरी उजव्या बाजूला उरलेले, आणि पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. एक इअरबड काढून ऐकलंत तर या संगीताचा अर्धा अर्थच जातो.

मग येतो रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. समजा त्याचं शेपूट, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, तीन सेकंदांचं आहे. सेकंदाला तेरा आघात, म्हणजे कुठल्याही क्षणी मागचे जवळपास चाळीस आघात हवेत तरंगतायत. अशा वेळी कॉर्ड पटपट बदलले तर जुना नव्यावर सांडतो आणि काहीच धड ऐकू येत नाही. म्हणून कॉर्ड सावकाश बदलावे लागतात. कॉर्ड सावकाश बदलले की एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पूर्ण व्हायलाच वीस-तीस सेकंद लागतात, आणि चार वेळा वाजवला की दीड-दोन मिनिटं गेली. मग गाणं दहा मिनिटांचं होतं. या प्रकारातली लांबी हौसेची नाही, ती घुमाऱ्यातूनच येते. हे लक्षात घेतलं की परीक्षण सोपं होतं. अस्पष्टपणा, संथ बदल आणि लांबी ही एकाच निर्णयाची तीन फळं आहेत. त्यातलं एक दोष म्हणून वेगळं काढता येत नाही. विचारायचं एवढंच, की हा निर्णय घेऊन प्रत्येक मिनिटाला ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडलं.

याला इतिहासही आहे, तो थोडक्यात. एम्परर या नॉर्वेजियन बँडनं १९९३च्या जुलैमध्ये ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ मुद्रित केला तो बर्गन शहरातल्या ग्रीगहालेनमध्ये. ही सिंफनीच्या मैफिली होतात ती इमारत, आणि ध्वनिमुद्रक होता पिटन या नावानं ओळखला जाणारा आयरिक हुंदविन. तिथं धूसरपणा भव्य झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये बुर्झुम या दुसऱ्या नॉर्वेजियन बँडच्या ‘फिलोसोफेम’चं मुद्रण झालं. तिथं गिटार घरगुती स्टिरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवली आणि आवाजासाठी मुद्दाम निकृष्ट हेडसेट मायक्रोफोन घेतला. तो अल्बम १९९६ साली आला. त्यातला एक तुकडा २५ मिनिटांचा आहे आणि त्यात ड्रमच नाहीत. बुर्झुम हा एकाच माणसाचा बँड, आणि तो माणूस खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांत १९९४ साली दोषी ठरला. ऐकणाऱ्यानं हे माहीत असूनच काय ते ठरवावं. तांत्रिक मुद्दा एवढाच, की धूसर आवाजाची दोन घराणी तेव्हाच तयार झाली: एक मोठ्या दालनाचं, दुसरं मोडक्या यंत्राचं. ‘टू हंटर्स’ पहिल्याच्या जवळचा आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाजवळच्या नेथन आणि एरन वीव्हर या भावांचा हा बँड, २००७ साल, निर्माता रँडल डन. नॉर्वेच्या बर्फाऐवजी त्यांनी आपल्याकडच्या पावसाळी जंगलाचा विषय घेतला.

आता प्रत्यक्ष अल्बम. चार गाणी, साधारण ४६ मिनिटं: पहिलं सहा मिनिटांचं, दुसरं साडेबारा, तिसरं दहा, चौथं अठरा.

पहिलं, ‘डिया आर्टिओ’, शब्दांशिवायचं आहे. संथ चाल, वर तरंगणारी धून. तुम्हाला काटा आला तो इथं, आणि तो बरोबर जागी आला. इथं बँडनं ऐकणाऱ्याला सगळं साहित्य हळू दाखवून ठेवलंय: घुमारा केवढा आहे, गिटारी कुठं बसतायत, धून कुठून येणार. पुढं वेग वाढल्यावर कानाला धरायला खुंटी मिळावी म्हणून. मिक्सिंगच्या नजरेनं हा अल्बमचा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. आमच्याकडं येणारी बहुतेक पोरं पहिल्याच सेकंदाला ब्लास्ट बीट सोडतात आणि मग ऐकणारा शेवटपर्यंत जागा शोधत राहतो.

दुसरं, ‘व्हास्टनेस अँड सॉरो’. तुमचं मन इथं सुटलं, आणि मी तुमच्या बाजूनं आहे. सुरुवातीचा रिफ जबरदस्त आहे, हताश आणि तरी उंच जाणारा. पण मधल्या भागात एकामागून एक येणारे रिफ साधारण त्याच उंचीवर फिरतात, ड्रमची घनता बराच वेळ तीच राहते आणि आवाज त्याच पोताचा. बदल होतात, पण ते सगळे एकाच बाजूचे होतात. कॉर्ड बदलला तर घनता बदलत नाही, घनता बदलली तर उंची बदलत नाही. माझ्या हातात असतं तर यातली दोनेक मिनिटं मी कमी करायला सांगितली असती.

तिसरं, ‘क्लेन्झिंग’. इथं जेसिका केनी ही गायिका येते. तिनं जावामधल्या गामेलान संगीताचं गायन आणि इराणी शास्त्रीय गायन यांचं शिक्षण घेतलेलं आहे, आणि तिच्या स्वर लावण्यात ते दिसतं: स्वर थेट, लांब, फार न हलवता ठेवलेला. संथ ड्रमवर तिचा मोकळा आवाज येतो आणि मागच्या साडेबारा मिनिटांच्या घट्ट भिंतीला एकदम दार उघडतं. मग वेग पुन्हा येतो तेव्हा तो पूर्वीचा वेग वाटत नाही. नाद खुळा जागा आहे ती. त्याच त्या साहित्याचा अर्थ मधल्या एका मोकळ्या जागेनं बदलला. तुम्ही दुसऱ्या गाण्यात कंटाळून बंद केलं असेल तर अल्बमचं सगळ्यात मोठं बळ तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

चौथं, अठरा मिनिटांचं, खूप लांब नावाचं. मिळकत इथं मोठी आहे आणि गळतीही. शांत सुरुवातीपासून वादळापर्यंतची चढण मला आजही पूर्ण पटते. शेवटाकडं केनीचा आवाज परततो, तोही पटतो. मधले काही जोड मात्र सैल आहेत. एक विभाग संपतो आणि दुसरा सुरू होतो, पण पहिल्यानं दुसऱ्याला जन्म दिलाय असं वाटत नाही.

उरलेल्या दोन तक्रारी. गायकाचे शब्द कळत नाहीत, हे खरंय, आणि मला तो दोष वाटत नाही. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. किंकाळीही तिथंच बसते आणि डिस्टॉर्शन केलेल्या गिटारची धारही तिथंच. शब्द पुढं आणायचे तर गिटारची धार कापावी लागते, आणि धार कापली की भिंत पडते. इथं गायकाला गिटारींच्या आत ठेवायचं ठरवलंय, तो अनेक थरांतला एक थर आहे. माझी तक्रार वेगळी आहे: ती किंकाळी अल्बमभर जवळपास एकाच ताकदीची आहे. आत ठेवलेला आवाजही कमी-जास्त होऊ शकतो. ड्रमबद्दल तुमचं म्हणणं मान्य. चांगल्या स्पीकरवरसुद्धा तळाचा भाग मला पातळ वाटतो. वेगाच्या भागात ते चालून जातं, पण संथ जागी जमीन हलायला हवी होती आणि ती हलत नाही.

आता लांबीचं. कोल्हापूरच्या माणसाला लांब संगीत ऐकण्याचं वेगळं शिक्षण घ्यायची गरज नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब इथं राहिले आणि जयपूर घराण्याची गायकी इथं रुजली. देवल क्लबात कधी विलंबित ख्याल बसून ऐकला असेल तर आठवा: मुखडा तोच, सम तीच, ठेका तोच, आणि तरी प्रत्येक आवर्तनात काहीतरी वाढलेलं असतं. ही बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं होणारा विस्तार, चालू असते तोवर अर्धा तासही लांब वाटत नाही. बढत थांबली आणि गवई नुसता फिरत राहिला की मागच्या रांगेतल्या माणसालाही पाच मिनिटांत कळतं. उलट बाजूनं, खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीत तिला जागा मिळाली. थोडक्यात मोठं काम करता येतं, म्हणून लांब गाण्याला आपली लांबी मिळवावी लागते. दुसऱ्या गाण्यात तुम्हाला जे जाणवलं ते बढत थांबल्याचं होतं. तुमचा कान बरोबर आहे, मित्रानं तुम्हाला उगाच खाली पाडलं.

हे तपासायला मी एक साधी गोष्ट करतो आणि बँडच्या पोरांनाही करायला लावतो. कागद घ्यायचा, घड्याळ समोर ठेवायचं आणि जिथं काहीतरी बदललं तिथं मिनिट-सेकंद लिहायचे. बाजूला काय बदललं ते: स्वर, ड्रमची चाल, घनता, मोकळी जागा की माणसाचा आवाज. गाणं संपल्यावर कागद बघायचा. एकाच प्रकारचे बदल ओळीनं लागले असतील तर तिथं मन सुटणारच. दोन-तीन प्रकारचे बदल जिथं एकाच जागी येतात तिथं काटा येतो. ‘क्लेन्झिंग’मध्ये अशी जागा सहज सापडेल.

यातच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की स्वतःही गिटार वाजवता. इचलकरंजीचा एक बँड माझ्याकडं आला होता, याच प्रकारचं गाणं घेऊन. सगळ्यावर ढीगभर घुमारा घालून आणला होता आणि तरी गाणं मोठं वाटत नव्हतं. मी सगळा घुमारा काढला आणि कोरडं ऐकवलं. कोरड्यात लगेच दिसलं की चारही रिफ एकाच पाच स्वरांत फिरतायत आणि कॉर्ड घुमाऱ्याच्या मानानं फार लवकर बदलतायत. त्यांनी कॉर्डांचा काळ दुप्पट केला, एक रिफ सप्तक वर नेला, एका जागी ड्रम पूर्ण थांबवले. मग आधीच्या निम्म्याहून कमी घुमाऱ्यात गाणं दालनभर झालं. घुमारा नसलेला मोठेपणा आणत नाही, असलेला पसरवतो. तुम्ही काही केलंत तर आधी कोरडं ऐका.

थोडक्यात माझा निकाल: जागेची जाण, धुनांची उंची, पहिल्या गाण्याची मांडणी आणि केनीचा आवाज ही ‘टू हंटर्स’ची बळं. दुसऱ्या गाण्याचा मधला भाग, शेवटच्यातले सैल जोड, पातळ तळ आणि एकसुरी किंकाळी हे दोष. यात एक अवघड गोष्ट आहे ती अशी, की अल्बमची सगळ्यात उंच जागा बँडबाहेरच्या गायिकेवर उभी आहे. तिला वगळून हे भाऊ किती उंच जातात, हे बघायचं असेल तर त्यांचा २००९चा ‘ब्लॅक कॅस्केड’ ऐका. तिथंही चार लांब गाणी आहेत, पण सगळं बरंच उघडं आणि खडबडीत. तो आवडला तर तुम्हाला वेग आणि भिंत आवडते. कोरडा वाटला तर २०११चा ‘सेलेस्टियल लिनिएज’ घ्या, तिथं केनी परत आहे आणि मोकळ्या जागाही जास्त आहेत.

पण त्याआधी ‘टू हंटर्स’ एकदा सलग, वायरच्या हेडफोनवर, कागद घेऊन ऐका आणि मित्रालाही वेगळा कागद द्या. त्याचंही लक्ष कुठंतरी सुटलेलंच असणार. तुमची दोघांची मिनिटं मला लिहून कळवा, मग ती कुठं जुळतात आणि कुठं नाही यावर पुढं बोलू.